कांद्याच्या पापुद्र्यात प्रोटॉन पंपाचं काम कसं बघायचं

प्रोटॉन पंप, म्हणजे पडद्यातून प्रोटॉन (हायड्रोजन आयन) ढकलणारं प्रथिन, म्हटलं की बीएस्सीच्या पोरांना एटीपी हे पेशीचं इंधन बनवणारं मायटोकॉन्ड्रियाच आठवतं, पण पेशीतले कप्पे आम्लधर्मी ठेवणारा व्ही-एटीपीएज वेगळा, तो एटीपी बनवत नाही, मोडतो, आणि त्या जोरावर स्वतःचा दांडा फिरवून प्रोटॉन आत ढकलतो. कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली पंप काही दिसत नाही, पण त्यानं केलेलं काम दिसतं, आणि त्याला लागतो कांदा, जो आपल्या सोलापुरात कधी कमी पडत नाही.

मार्केट यार्डातून ताजा, कडक लाल कांदा आणा. जाड पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा चिमट्यानं सोला. बाहेरच्या बाजूचा नको, त्यात आधीच जांभळा रंग असतो, मग आपला कुठला नि कांद्याचा कुठला कळतच नाही.

१० मिलिग्रॅम न्यूट्रल रेड हा रंग १०० मिली द्रावणात, पण नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाही, पीएच ७.५ ते ८ च्या फॉस्फेट बफरमध्ये (पीएच टिकवून धरणारं द्रावण). सगळी गोम इथंच आहे. हा रंग पेशीत शिरतो तो चार्ज नसलेल्या रूपात, द्रावण आम्लधर्मी असलं तर तो बाहेरच अडकतो आणि नुसत्या पेशीभित्तिका रंगतात. आत व्हॅक्यूओलचा (पेशीतल्या रसाच्या मोठ्या पिशवीचा) पीएच साडेपाचच्या आसपास, तिथं रंगाला प्रोटॉन चिकटला की चार्ज येतो, मग पडद्यातून परत निघता येत नाही आणि तो आतच साठत जातो.

पापुद्रा या रंगात बुडवून ठेवा आणि १० मिनिटांनी धुऊन बघा. अख्खी पेशीच लाल वाटेल कारण व्हॅक्यूओलच जवळपास सगळी जागा व्यापतो, म्हणून कव्हरस्लिपच्या कडेनं साखरेचं घट्ट पाणी सोडा आणि ४० च्या लेन्सखाली थांबून बघा, लाल भाग भिंतीपासून सुटत आकसतो, गडद होत जातो. फार सुंदर दिसतं, घाई करू नका.

कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना, हवाच. एक पापुद्रा आधी उकळत्या पाण्यात बुडवून मारा आणि मग तसाच रंगवा, त्यात व्हॅक्यूओल लाल होत नाही, उलट केंद्रक रंगतं. दुसऱ्या, रंगवलेल्या जिवंत पापुद्र्यावर अगदी पातळ अमोनिया सोडा, तो आत शिरून प्रोटॉन धरतो आणि लाल रंग पिवळटाकडे जातो.

जर्नलमध्ये 'व्ही-एटीपीएज दिसला' असं मात्र लिहू नका, 'व्हॅक्यूओल आम्लधर्मी आहे' एवढंच लिहा, कारण वनस्पतीच्या व्हॅक्यूओलवर एटीपीऐवजी पायरोफॉस्फेट या रेणूवर चालणारा दुसरा प्रोटॉन पंपही असतो, आणि कुणाचं काम किती हे वेगळं काढायला व्ही-एटीपीएज तेवढा बंद करणारं बॅफिलोमायसिन लागतं, ते विषारी आहे, रिसर्च लॅबमध्येच वापरायचं.