विज्ञान कादंबरीवर पटकथा लिहिताय? या चुका टाळा

अंधेरी-वर्सोव्याच्या कॅफेंमध्ये बसून नवे लेखक मला त्यांची बाडं वाचायला देतात. गेल्या काही वर्षांत त्यात विज्ञान कादंबऱ्यांवरच्या पटकथा वाढल्यात आणि याचा मला मनापासून आनंद आहे. नारळीकर, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, बाळ फोंडके यांनी मराठीत एवढं लिहून ठेवलंय, पण आपण ते मोठ्या पडद्यावर फारसं नेलेलं नाही. म्हणूनच त्याच त्या चुकांपायी चांगली कल्पना पहिल्या नरेशनलाच, म्हणजे निर्मात्याला गोष्ट ऐकवतानाच, पडते तेव्हा जीव तुटतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे समजावून सांगणं. पहिल्या पंधरा पानांत एक प्राध्यापक असतो, एक फळा असतो आणि एक पत्रकार मुलगी असते. "म्हणजे नक्की काय, सर?" एवढं विचारणं हेच तिचं काम. हा सीन मी स्वतः लिहिलाय, आणि चांगला अकरा पानांचा लिहिलाय.

कादंबरी एका दिवंगत लेखकाची होती. गिरगावातली एक चाळ, आणि तिच्या वरच्या मजल्यावर काळ संथ चालतो. वर एक तास गेला की खाली अख्खा दिवस उलटलेला असतो. पुस्तकात यामागचं भौतिकशास्त्र एका शास्त्रज्ञाच्या पत्रांतून येतं, आणि ती पत्रं फार सुंदर आहेत. मी ती फळ्यावर नेली. नरेशनला निर्मात्याने सातव्या मिनिटाला फोन हातात घेतला. त्याची चूक नव्हती.

त्या रविवारी डोंबिवलीला आत्याकडे गेले होते. आत्या विज्ञानकथा वाचत नाही. चवळीच्या शेंगा मोडता मोडता तिने माझ्याकडून गोष्ट ऐकली. वर अभ्यासाला बसलेला मुलगा, त्याला चहा द्यायला जाणारी आई, खाली चार वर्षांची मुलगी. आत्याने शेंग हातात तशीच धरली आणि विचारलं, "अगं, पण आई वर तासभर बसली तर खाली त्या पोरीला दिवसभर जेवू कोण घालणार?"

मी घरी येऊन फळा काढून टाकला. नव्या ड्राफ्टमध्ये पहाटेचे साडेपाच वाजलेत, गॅलरीत काळोख आहे, नळाला पाणी यायचंय. आई चहाचा कप घेऊन जिना चढते, मुलाशी दहा मिनिटं बोलते, खाली उतरते. गॅलरीत ऊन आलेलं, पाणी येऊन गेलेलं, पिंप कोरडं. दहा मिनिटांचे चार तास झालेत. मुलगी उंबऱ्यात बसून शेजारणीने दिलेला पाव खातेय. दीड पानाच्या या सीनमध्ये एकही शास्त्रीय वाक्य नाही. मुलाजवळ बसायचं तर मुलीचं बालपण द्यावं लागतं, हे कळलं की काळाचा नियमही कळतो. तेव्हापासून कुठलीही कादंबरी हातात आली की मी वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहिते: या नियमाची किंमत कोण भरतंय? ज्याला ती भरावी लागते त्याच्या घरातून मी गोष्ट सुरू करते. शास्त्रज्ञ नंतर येऊ दे.

'ड्यून' या बाबतीत शिकण्यासारखा आहे. फ्रँक हर्बर्टच्या 1965 च्या कादंबरीत पात्रं सतत मनातल्या मनात बोलतात. 1984 मध्ये दिग्दर्शक डेव्हिड लिंचने 137 मिनिटांच्या सिनेमात सगळं पुस्तक बसवताना ते विचार कुजबुजत्या आवाजात ऐकवले, आणि पडदा माहितीने गच्च भरला. डेनी व्हिलनव्हने 2021 आणि 2024 अशा दोन भागांत पाच तासांहून जास्त वेळ घेतला. तरी त्याने तो वेळ माहिती सांगण्यात घातला नाही. मेंटॅट म्हणजे मानवी संगणक, हे तो समजावत बसत नाही. प्रवासाचा खर्च विचारल्यावर एका म्हाताऱ्याचे डोळे पांढरे होतात आणि आकडा तोंडातून येतो. बास.

दुसरी चूक अलीकडची आहे आणि तिचा मला खरोखर राग येतो. कादंबरी न वाचता, फोनवर प्रकरणवार सारांश काढून लिहायला बसणं. सारांशात घटना येतात. पान 140 वरचं, लेखकाने सहज लिहिलेलं कोरडं पिंप येत नाही, आणि सिनेमा त्या पिंपात असतो. मी पुस्तक तीनदा वाचते. एकदा लोकलमध्ये, नुसतं वाचक म्हणून. एकदा पेन्सिल घेऊन, आणि तेव्हा फक्त डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल तेवढ्याच ओळींवर खुणा करते. तिसऱ्यांदा वाचून झालं की पुस्तक मिटून गोष्ट आत्याला सांगते. सांगताना जे आठवत नाही ते पहिल्या ड्राफ्टमध्ये घेत नाही. याला महिना जातो. ज्यांना महिना जड वाटतो त्यांनी विज्ञान कादंबरी हातात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुस्तकाशी प्रामाणिक राहायचं म्हणून काहीच न बदलणं, ही तिसरी. टेड चँगच्या ज्या दीर्घकथेवर 'अरायव्हल' निघाला, तिच्यात प्रकाश कमीत कमी वेळाचा मार्ग कसा धरतो हे फर्माचं तत्त्व कण्यासारखं आहे. सिनेमात ते जवळपास नाहीच. कथेत मुलगी पंचविशीत गिर्यारोहणाच्या अपघातात जाते, सिनेमात लहान वयात आजाराने. माझ्या मते हा बदल अचूक आहे, कारण पडद्यावर अपघात दिसला की प्रेक्षक म्हणतो, तिला जाऊ देऊ नका. आजारापुढे तो गप्प बसतो. आईला आधीच सगळं माहीत असणं मात्र दोन्हीकडे तसंच आहे. तो जीव आहे, त्याला हात लावलेला नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. व्हीएफएक्सवाल्याला, म्हणजे संगणकावर दृश्यं घडवणाऱ्याला, शेवटी भेटू नका, दुसऱ्या ड्राफ्टलाच भेटा. इंटरव्हल कुठे पडणार ते लिहिताना ठरवा, एडिटवर ढकलू नका. आपल्या मुंबईला उगाच निऑनने रंगवू नका, पावसातलं दादर पुरेसं परकं दिसतं.

आणि हक्क. चाळीची ती पटकथा चांगली झाली, पण सिनेमा झाला नाही. लेखकाच्या वारसांशी आम्ही साध्या कागदावर करार केला होता. मुदत नाही, प्रदेश नाही, काही नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांचा धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरता. शिवाय करारात वेगळं म्हटलं नसेल तर मिळालेला हक्क वर्षभरात वापरावा लागतो, नाहीतर तो संपतो. आमचा कागद दीड वर्ष फाइलीत पडून होता. पैसे उभे राहिले तोवर वारसांनी कादंबरी दुसऱ्यांना दिली होती, आणि त्यांना तो अधिकार होता. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हे हक्क वारसांकडेच राहतात, त्यामुळे "लेखक गेले, आता कोण विचारतंय" हे बोलूच नका. स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये पटकथेची नोंदणी जरूर करा, पण त्यातून तुम्ही काय लिहिलंत आणि कधी, एवढंच सिद्ध होतं. कादंबरीचा हक्क त्यातून मिळत नाही. तो वकिलाकडून, मुदत आणि प्रदेश घालून, पहिलं पान लिहिण्याआधी घ्या.