मुलांना आठवणी लिहायला शिकवायचंय? आधी चित्रपुस्तक उघडा

मुलांना नुसतं "तुझी एखादी आठवण लिही" म्हटलं की हमखास निबंध येतो. आम्ही सहलीला गेलो, खूप मजा आली, संध्याकाळी घरी आलो. त्यांचा काही दोष नाही, तसंच लिहायला शिकवलेलं असतं ना. म्हणून वही काढायच्या आधी चित्रपुस्तक काढायचं. ही पुस्तकं बहुतेक वेळा ३२ पानांची असतात आणि मजकूर अगदी थोडा, त्यामुळे लेखकाला अख्खं बालपण सांगायला जागाच नसते, एकच छोटासा प्रसंग धरून बसावं लागतं, आणि आपल्याला मुलांना नेमकं तेच शिकवायचंय.

पुस्तक शक्यतो "मी" सांगतोय असं आणि रोजच्या जगण्यातलं निवडा, राजा-राक्षस सध्या बाजूला राहू देत. पहिल्यांदा वाचून दाखवताना प्लीज प्रश्न विचारू नका, नुसतं ऐकू दे. दुसऱ्या वेळी मजकुरावर चिकट चिठ्ठ्या लावून झाकून टाका आणि चित्रं बघून मुलांनाच गोष्ट सांगू दे, मग एकेक चिठ्ठी काढून लेखकानं काय लिहिलंय ते वाचा. चांगल्या पुस्तकात चित्रात दिसतं तेच शब्दांत परत सांगितलेलं नसतं, शब्दांत असतो आवाज, वास, मनातली भीती. मुलांना हे लगेच कळतं, आपण लेक्चर द्यायची गरज नाही.

"मला काहीच आठवत नाही" म्हणणारं एक तरी मूल असतंच. त्याच्यासाठी ऑस्ट्रेलियन लेखिका मेम फॉक्स यांचं १९८४ सालचं 'विल्फ्रिड गॉर्डन मॅकडोनाल्ड पार्ट्रिज' हे चित्रपुस्तक बघा. ती आत्मकथा नाही, पण त्यातला मुलगा आठवणी हरवत चाललेल्या ९६ वर्षांच्या मिस नॅन्सींना शिंपले, कळसूत्री बाहुली, कोंबडीचं गरम अंडं असल्या वस्तू आणून देतो आणि एकेक वस्तू हातात घेतली की त्यांना एकेक जुनी गोष्ट आठवायला लागते. आपणही तेच करायचं, घरातली तुटकी, जुनी, आता लहान होणारी कुठलीही वस्तू आणायला सांगायची आणि ती हातात धरून बोलायला लावायचं. लिहिणं नंतर.

आता खरं काम, आठवण बारीक करणं. "सहलीत मजा आली." कुठे आली? "बसमध्ये." शेजारी कोण होतं? खिडकी कुणाला मिळाली? असं विचारत गेलात की बाहेर येतं, खिडकीवरून भांडण झालं, मी रागानं झोपेचं सोंग घेतलं आणि खरंच झोप लागली, सगळ्यांनी नदीवरचा मोठा पूल बघितला आणि माझा राहिला. झालं, मिळाली आठवण! बाकीची सहल सोडून द्या. मूल म्हणेल पण आम्ही किल्ला पण बघितला, म्हणू दे, तो दुसऱ्या पुस्तकात.

लिहायला एक ए-फोर कागद पुरतो. घड्या घालून ८ चौकोन पाडा, मधल्या आडव्या घडीवर फक्त मधल्या दोन चौकोनांइतकी चीर द्या आणि दुमडा, छोटं पुस्तक तयार. पुढचं-मागचं कव्हर सोडलं तर ६ पानं उरतात. आधी सहाही पानांवर नुसती चित्रं काढायची (काडीची माणसं चालतील), मग प्रत्येक पानावर चित्रात न दिसणारं एक-दोन वाक्यांत लिहायचं. शुद्धलेखन ह्या टप्प्यावर अजिबात नको, लाल पेन तर लपवूनच ठेवा.

शेवटच्या पानावर मुलं सवयीनं "यावरून मी शिकलो की भांडू नये" लिहितात. ते काढायला सांगा. त्याऐवजी विचारा, तेव्हा काय वाटलं होतं आणि आज आठवलं की काय वाटतं? उत्तर "अजून राग येतो" असलं तरी चालेल, उलट जास्त खरं.

एखाद्याची आठवण जड निघाली तर सगळ्यांसमोर वाचायची सक्ती करू नका, पुस्तक त्याचं आहे. आणि वाचताना भावंडं ओरडणारच, "असं झालंच नव्हतं, खिडकी माझीच होती!" तिथे निवाडा करत बसू नका, त्यालाही एक कोरा कागद द्या.