आधी कुंड्या मोजा

पदवीच्या शेवटच्या वर्षी मी स्वतंत्र प्रोजेक्ट केला. दोन खतांमुळे रोपांच्या उंचीत फरक पडतो का, हे बघायचं होतं. 12 कुंड्या, सहा-सहाचे दोन गट, प्रत्येक रोप दहा वेळा मोजलं. 120 नोंदी जमल्या, टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरींची तुलना) लावली, पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) अगदी लहान आली. मी खूश! तोंडी परीक्षेत बाईंनी एवढंच विचारलं, "कुंड्या किती?"

खत कुंडीला दिलं होतं, नोंदीला नाही. म्हणजे माझं सॅम्पल 12 चंच; डिग्रीज ऑफ फ्रीडम (टेस्टकडे किती स्वतंत्र माहिती आहे, त्याचं माप) 118 नव्हे, 10. प्रत्येक कुंडीची सरासरी काढून टेस्ट पुन्हा केली, तर निष्कर्ष टिकला नाही.

तेव्हापासून कुणी प्रोजेक्टविषयी विचारायला आलं, की मी आधी विचारते: तुझं एकक कोणतं? माणूस, वर्ग, की कुंडी? एकाच वर्गातली तीस मुलं एकाच शिक्षकाकडे शिकत असतील, तर ती तीस सुटी उत्तरं नसतात. अशा वेळी सरासरी घे, नाहीतर मिक्स्ड मॉडेल (एकाच गटातल्या नोंदींमधलं साम्य हिशेबात धरणारी पद्धत) शीक.

मग प्रश्न. 'मोबाइलचा विद्यार्थ्यांवर परिणाम' हा नुसता विषय झाला. 'रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवणारे जास्त तास झोपतात का?' याचं उत्तर मोजता येतं. फक्त सर्वेक्षणातून फरक दिसला, तर तो फोनमुळेच आहे असं लिहू नकोस.

माणसांकडून माहिती घ्यायची असेल, तर विभागाची परवानगी आधी काढ आणि प्रश्नावली आठ-दहा जणांवर तपासून घे. टक्केवारीचा अंदाज 100 जणांवरून साधारण 10 अंकांनी इकडेतिकडे होतो, 400 वर 5 अंकांनी. चूक निम्मी करायला चौपट माणसं लागतात. तेही निवड यादृच्छिक असेल तरच. चारशे मित्रांना फॉर्म पाठवून हे साधत नाही. तयार डेटा वापरणार असशील, तर सोबतचं माहितीपत्रक आधी वाच. 99 म्हणजे अनेकदा 'उत्तर दिलं नाही' असतं, आणि ते वयाच्या सरासरीत गुपचूप मिसळतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. डेटा उघडण्याआधी एक पान लिही: कोणती टेस्ट, कोणते चल (मोजायच्या गोष्टी), कोणत्या नोंदी वगळणार. खाली तारीख घाल आणि गाईडना दे. कुठेच काही फरक नसताना 5 टक्के पातळीवर (म्हणजे पी-व्हॅल्यू 0.05 हून कमी आली की फरक मानायचा) 20 स्वतंत्र टेस्ट केल्या, तर एखादी तरी 'यशस्वी' ठरण्याची शक्यता सुमारे 64 टक्के असते. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर 1938 मध्ये म्हणाले होते की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे शवविच्छेदनच. मी तेच केलं होतं.

मूळ फाइलला हात लावू नकोस. सगळी सफाई कोडमध्ये कर. अहवालात पी-व्हॅल्यूसोबत विश्वासांतर (कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा) दे. माझ्या दुसऱ्या मसुद्यात 'खतांमध्ये फरक नाही' असं वाक्य होतं. बाईंनी ते खोडून वर लिहिलं: '12 कुंड्यांवरून ठरवता येत नाही.'