ग्लेशियरवरचं जंगल अभ्यासताय? या चुका टाळा

दिवाळीनंतर गंगोत्री ग्लेशियरच्या तोंडाशी, गोमुखला जाऊन आलेल्या पोरांचे फिल्ड रिपोर्ट माझ्याकडे वाचायला येतात आणि दरवर्षी त्याच त्या चुका, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

सगळ्यात धोकादायक चूक म्हणजे वर हिरवं दिसलं की खाली जमीनच आहे असं धरून चालणं. ग्लेशियरच्या खालच्या टप्प्यात बर्फावर दगडमाती साचलेली असते. तो थर एक-दोन सेंटीमीटरचाच असेल तर ऊन शोषून बर्फ उलट लवकर वितळतो, पण थर चांगला जाड झाला की खालचा बर्फ झाकला जातो, वितळणं मंदावतं, वरचे दगड जरा स्थिरावतात आणि मग बिया रुजतात. अलास्कात मलास्पिना ग्लेशियरच्या कडेला असं अख्खं स्प्रूसचं (सूचिपर्णी झाड) जंगल बर्फावर उभं होतं, भूवैज्ञानिक इस्रायल रसेलने 1890-91 च्या मोहिमांत त्याचं वर्णन केलंय. इटलीत मियाज ग्लेशियरवर लार्चची, म्हणजे दुसऱ्या एका सूचिपर्णीची, झाडं आहेत आणि ती बर्फाबरोबर खाली सरकत असतात.

एका सप्टेंबरमध्ये गंगोत्री ग्लेशियरवर एक कॉलेजचा ग्रुप सोबत होता. दगडांच्या एका उंचवट्यावर एपिलोबियमची गुलाबी फुलं दिसली, लगेच एकाने वहीत 'जुना मोरेन (ग्लेशियरने आणून टाकलेला दगडमातीचा ढीग), स्थिर' लिहिलं आणि सगळे कडेला सॅका टाकून डबे उघडून बसले. मी उठा म्हटलं तर "ताई, फुलं आहेत ना इथे" असं उत्तर. मग चार दगड बाजूला करून दाखवले, खाली ओली काळी रेती आणि तिच्या खाली राखाडी काचेसारखा बर्फ, त्यावरून पाण्याची धार चाललेली. आम्ही बघत असतानाच कड ढासळली आणि एक सॅक दगडांसकट खालच्या डबक्यात गेली. माणसं उठलेली होती म्हणून वाचली. एपिलोबियमला मूठभर रेती पुरते हो, ते फूल म्हणजे जमिनीचा दाखला नाही! मी बसायच्या आधी दगडाखालून पाणी ठिबकतंय का ते ऐकते, आणि झाडं असतील तर बुंधे बघते, वेडेवाकडे कललेले बुंधे आणि मधेच गढूळ तळी दिसली की तिथे थांबायचं नाही.

दुसरी चूक वाचून जीव जळतो. बर्फाजवळ शेवाळं, जरा लांब झुडपं, आणखी लांब जंगल, म्हणजे प्रत्येक जागा याच क्रमाने जाणार, असा निष्कर्ष एका फेरीत काढून मोकळे! ग्लेशियर मागे हटतो तशी बर्फाजवळची जागा सगळ्यात नवी आणि लांबची जुनी; अशा वेगवेगळ्या वयाच्या जागांच्या रांगेला क्रोनोसिक्वेन्स म्हणतात, पण आजोबा, बाप, नातू शेजारी उभे केले म्हणून ते एकाच माणसाचं आयुष्य होत नाही. अलास्काचं ग्लेशियर बे हे याचं सगळ्या पुस्तकांतलं उदाहरण. 1794 ला ब्रिटिश दर्यावर्दी व्हँकूवरच्या मोहिमेला खाडीच्या तोंडाशी बर्फ दिसला होता, तो पुढे 100 किमीच्या आसपास मागे गेला. आधी ड्रायास (जमिनीलगत पसरणारं झुडूप), मग अल्डर (मोठं झुडूप), मग स्प्रूस असा सरळ जिना तिथला म्हणून शिकवला जायचा. 1995 मध्ये संशोधक ख्रिस्तोफर फास्टीने झाडांच्या वलयांवरून जागोजागचा इतिहास काढला तर सगळ्यात जुन्या जागांवर अल्डरची दाट झाडी कधी नव्हतीच, स्प्रूस लवकर शिरला होता, कारण बी देणारं जंगल जवळ होतं. म्हणून मी पहिला प्रश्न विचारते, बी कुठून येतंय? वारा कुठला, जवळचं झाड किती लांब? हे न लिहिता काढलेला ग्राफ मी परत पाठवते.

अल्डरचं कौतुकही जरा आवरा, मुळांतल्या फ्रँकिया बॅक्टेरियामुळे तो मातीत नायट्रोजन भरतो हे खरं, पण सावली आणि मुळांच्या स्पर्धेने स्प्रूसच्या रोपांना दाबतोही तोच.

झाडाच्या खोडातून छातीच्या उंचीवर कोर (वलयं मोजायला लाकडाची बारीक कांडी) काढून तेच मोरेनचं वय लिहू नका. बर्फ गेल्यापासून पहिलं रोप टिकेपर्यंतची वर्षं आणि रोप त्या उंचीला पोचेपर्यंतची वर्षं, दोन्ही त्यात मिळवायची असतात. आणि नॅशनल पार्कात परवानगीशिवाय बोरर, म्हणजे कोर काढायचं गिरमिट, सॅकमधून बाहेरही काढायचा नाही.

ताज्या मोरेनवर रोपं लावून 'सक्सेशन', म्हणजे उघड्या जागी झाडोरा टप्प्याटप्प्याने येण्याची प्रक्रिया, 'फास्ट' करायची घाई तर मला अजिबात पटत नाही. गोमुखच्या वाटेवर भोजबासाला भूर्ज सरपणासाठी तुटले, तिथे गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी पुन्हा भूर्ज लावले ते योग्यच, तिथलं गेलेलं झाड तिथेच परत आणलं. पण जिथे काही उगवायचंच आहे तिथे खेचरं आणि बूट लांब ठेवा आणि वाट बघा.

शेवटचं, फोनवर पिन टाकली की प्लॉट मार्क झाला असं नसतं. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम कूपरने 1916 मध्ये ग्लेशियर बेमध्ये एक चौरस मीटरचे प्लॉट आखले, नकाशे आणि खुणा लिहून ठेवल्या, म्हणून शंभर वर्षांनी ब्रायन बुमा यांच्या टीमला ते सापडले. फोनच्या जीपीएसची चूकच काही मीटरची, त्यात तुमचा अख्खा प्लॉट हरवेल. मोठ्या कातळांपासून होकायंत्राने दिशा घ्या, टेपने अंतर मोजा, चारही बाजूंनी फोटो काढा, आणि ते कातळ ग्लेशियरच्या बाहेरचे, पक्क्या डोंगराचे निवडा, कारण बर्फावरचा दगड पुढच्या वर्षी त्या जागी नसेल.