बँक स्टेटमेंट आपोआप वाचणारा कोड मिळून लिहिताय? या चुका टाळा

स्वतःच्या खात्याचे स्टेटमेंट वाचून बीनकाउंट, एचलेजर यांसारख्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये किंवा साध्या स्प्रेडशीटमध्ये नोंदी टाकणारा पायथन कोड शनिवार-रविवारात लिहून होतो. तोच कोड चार जणांच्या चार बँकांच्या स्टेटमेंटवर वर्षभर बरोबर चालवणे हे खरे काम. एरर देऊन थांबणारा कोड परवडतो. गुपचूप चुकीचा आकडा नोंदवणारा महागात पडतो. खालच्या बहुतेक चुका या दुसऱ्या जातीच्या आहेत.

नेट बँकिंगमध्ये शिरणारा बॉट

पहिला मोह हाच होतो: ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या सेलेनियमने लॉगिन करायचे आणि स्टेटमेंट उतरवून घ्यायचे. कॅप्चा, ओटीपी आणि बदलत राहणारी पाने यांपुढे असा बॉट फार टिकत नाही. पासवर्ड बदलल्यावर त्याने जुनाच पुन्हापुन्हा टाकला की खाते लॉक होते, ते वेगळेच. पण खरा धोका पुढे आहे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाने पासवर्डसारखी माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान ग्राहकाचेच. गटाच्या सामायिक सर्व्हरवर पासवर्ड ठेवणाऱ्याला 'मी निष्काळजी नव्हतो' हे पटवून देणे जड जाईल.

मग अकाउंट ॲग्रिगेटर (ग्राहकाच्या संमतीने त्याची आर्थिक माहिती एका संस्थेकडून दुसरीकडे पोचवणारी व्यवस्था) का नको? रिझर्व्ह बँकेने 2016 मध्ये त्याचे नियम आणले आणि सप्टेंबर 2021 पासून बँका त्यावर आल्या. मात्र माहिती घेणारी संस्था रिझर्व्ह बँक, सेबी, आयआरडीएआय (विमा) किंवा पीएफआरडीए (पेन्शन) यांपैकी एखाद्या नियामकाच्या देखरेखीखालची असावी लागते. हौशी गटाला तिथे थेट जागा नाही.

उरते ते मेलवर येणारे मासिक पीडीएफ, आणि ते पुरेसे आहे. फक्त स्क्रिप्टला मुख्य मेलबॉक्सचा ॲप पासवर्ड (प्रोग्रॅमला मेल उघडता यावा म्हणून काढलेला वेगळा पासवर्ड) देऊ नका. पासवर्ड बदलण्याच्या लिंकही तिथेच येतात. वेगळा मेल पत्ता उघडा आणि बँकेच्या स्टेटमेंटपुरता फिल्टर लावून तेवढेच मेल तिकडे फॉरवर्ड करा.

म्युच्युअल फंडांसाठी कॅम्स आणि केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थांचे एकत्रित स्टेटमेंट मागवा. ते वाचणारी कॅसपार्सर ही लायब्ररी (तयार कोडचा संच) आहे, नव्याने लिहीत बसू नका. मागवताना सारांश नव्हे, तपशीलवार स्टेटमेंट निवडा आणि तारीख पहिल्या गुंतवणुकीच्या आधीची द्या. नाहीतर आरंभीची युनिटे दिसतात, पण ती कितीला घेतली ते कळत नाही.

तारीख आणि रक्कम

पायथनमधल्या पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीला काही सांगितले नाही तर 03/04/2025 ही तारीख ती 4 मार्च समजते. म्हणजे 3 एप्रिलचा व्यवहार नुसता महिना बदलत नाही, मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतो. दिवस आधी आहे हे सांगा. त्याहून बरे म्हणजे तारखेचा नेमका साचा द्या, म्हणजे वेगळे काही आले की कोड थांबेल.

रकमेसाठी फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा संख्याप्रकार) वापरू नका. दशांश अचूक ठेवणारा डेसिमल वापरा किंवा सगळे पैशांत, पूर्णांकात ठेवा. 1,25,000.00 मधले स्वल्पविराम आधी काढा. काही बँका शिलकीमागे सीआर (जमा) किंवा डीआर (नावे, म्हणजे उणे) लिहितात. ओव्हरड्राफ्ट खात्यात तेवढ्यावरच चिन्ह ठरते, म्हणून ती अक्षरे खोडण्याआधी वाचा.

सीएसव्ही (स्वल्पविरामाने तोडलेली साधी फाइल) 'जरा बघायला' एक्सेलमध्ये उघडणे

यूपीआयचा संदर्भ क्रमांक 12 आकडी असतो. एक्सेलच्या जनरल साच्यात 11 आकड्यांपुढची संख्या घातांकात दिसते, आणि तशी फाइल सेव्ह केली की सीएसव्हीत तेच जाते. मूळ क्रमांक गेला तो गेलाच. त्यामुळे उतरवलेली मूळ फाइल केवळ वाचनासाठी ठेवा. एक्सेल म्हणून मिळालेली फाइल आतून टॅबने तोडलेला साधा मजकूर किंवा एचटीएमएल असणे हेही नेहमीचे. लायब्ररी ती उघडत नसेल तर आधी टेक्स्ट एडिटरमध्ये पाहा.

ताळमेळ न घालणे

सगळ्यांत महाग चूक ही. प्रत्येक ओळीवर तपासा: मागची शिल्लक, अधिक जमा, वजा नावे (खात्यातून गेलेली रक्कम), बरोबर या ओळीची शिल्लक. एक पैसा जरी चुकला तरी कोडने तिथेच थांबून पान आणि ओळ सांगावी. पानाच्या शेवटी हरवलेली नोंद, दोन ओळींत मोडलेला तपशील, सरकलेला रकाना, हे सगळे याच एका तपासणीत सापडते. सगळ्याच ओळी चुकत असतील तर स्टेटमेंट नव्याकडून जुन्याकडे असेल. क्रम उलटा करून पाहा.

पीडीएफमधले तक्ते काढणारी कॅमलॉट ही लायब्ररी वापरत असाल तर चौकटीच्या रेघा असलेल्या तक्त्याला तिची लॅटिस पद्धत आणि नुसत्या मोकळ्या जागेने रकाने पाडलेल्या तक्त्याला स्ट्रीम पद्धत निवडा. पीडीएफमधून काहीच मजकूर निघत नसेल तर ते स्कॅन आहे. आणि मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा खिचडा निघाला, तर फॉन्ट युनिकोडपूर्व काळातला आहे. अशा वेळी तपशील सोडा आणि आकडे घ्या.

दुहेरी नोंदी

दोन स्टेटमेंटच्या तारखा एकमेकींवर चढल्या की तोच व्यवहार दोनदा येतो. तारीख, रक्कम आणि तपशील जुळले की एक ओळ काढून टाकायची, हा उपाय अर्धवट आहे. एकाच टपरीवर एका दिवशी दोनदा दिलेले 20 रुपये हे दोन खरे व्यवहार आहेत, आणि काही बँका तपशील इतका छाटतात की संदर्भ क्रमांक उरतच नाही. ओळख ठरवताना व्यवहारानंतरची शिल्लकही धरा. एसएमएसवरून हिशेब चालवू नका: लहान रकमांचे एसएमएस सगळ्या बँका पाठवत नाहीत, आणि परत आलेले पैसे वेगळ्याच मजकुराने येतात.

मदत मागताना खरे स्टेटमेंट चिकटवणे

'पीडीएफला पासवर्ड आहे, टाकतो गटात' असे म्हणू नका. पासवर्ड नुसती जन्मतारीख असेल तर शंभर वर्षांत साधारण 36,500 तारखा होतात. साधा लॅपटॉपही तेवढ्या लवकरच तपासून संपवतो. काळ्या पट्ट्या ओढूनही भागत नाही, कारण पट्टीखालचा मजकूर कॉपी होतो. शिवाय यूपीआयच्या तपशिलात समोरच्याचे नाव आणि पुष्कळदा मोबाइल नंबर असतो. तुमची संमती त्यांच्या वतीने चालत नाही.

पीडीएफमधून काढलेला मजकूर द्या, पण बदलून. नावांच्या जागी तितक्याच लांबीची अक्षरे टाका, म्हणजे रकाने सरकत नाहीत. रकमा खोट्या घाला आणि शिल्लक त्यांच्यावरून पुन्हा काढा, नाहीतर ताळमेळाची चाचणी निरुपयोगी ठरते. कोडचे बदल नोंदवणाऱ्या गिटमध्ये कमिटआधी (बदल नोंदवण्याआधी) आपोआप चालणारा हुक, म्हणजे तपासणीची छोटी स्क्रिप्ट, लावा. त्याने पॅनचा साचा (पाच अक्षरे, चार आकडे, एक अक्षर) आणि 6 ते 9 ने सुरू होणारे 10 आकडी क्रमांक पकडावेत. 12 आकडी यूपीआय संदर्भातले 10 आकडे पकडले जाऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंना आकडा नसण्याची अट घाला.

तरीही खरी फाइल गेलीच तर पुढच्या कमिटमध्ये ती पुसून उपयोग नाही, इतिहासात राहते. गिट फिल्टर-रिपो या साधनाने इतिहासातून काढा, सर्वांना नवी प्रत घ्यायला सांगा, आणि सोबत पासवर्ड गेला असेल तर तो आधी बदला. इतिहासाची साफसफाई नंतर.