एकच प्रोग्राम विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालवायचाय? आधी टूलकिटचं गोत्र विचारा

मी वाचनालयांसाठी देवघेवीचा प्रोग्राम लिहिते. सांगली-साताऱ्याकडच्या वाचनालयात मशिनं कशी असतात ते आधी सांगते. काउंटरवर विंडोज ७ चा जुना डबा, बालविभागात कुणी देणगीदारानं दिलेला लिनक्सवाला संगणक आणि कार्यवाहांकडे मुलीनं पाठवलेला मॅकबुक. तिघांनाही तोच प्रोग्राम हवा आणि काउंटरवर पुस्तक परत आलं की बालविभागात ते लगेच दिसायलाही हवं. गेल्या वर्षी हाताशी आलेल्या मुलानं पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, इलेक्ट्रॉन घेऊ की क्यूटी?" ही दोन्ही टूलकिटं, म्हणजे खिडक्या-बटणं तयार देणारे, प्रोग्राम उभा करायचे संच. म्हटलं, अरे, पत्रिका बघायच्या आधी हॉल कसला बुक करतोस?

सगळ्यात आधी टूलकिटच्या मालकाचं पोट कशावर चालतं ते बघायचं. कागदावर सगळीच टूलकिटं सगळीकडे चालतात. मी या धंद्यात आले तेव्हा ओपनडॉकचं नुकतंच तेरावं झालं होतं, म्हणून ही सवय लागली. मायक्रोसॉफ्टकडे ओएलई होतं: एक्सेलचा तक्ता वर्डच्या पानात चिकटवायचा आणि तिथेच दुरुस्त करायचा. त्याला उत्तर म्हणून ॲपल, आयबीएम आणि वर्डपरफेक्ट यांनी ओपनडॉक काढलं. १९९३ मध्ये त्यासाठी एक सामाईक संस्थाही उभी केली. कल्पना देखणी होती. कागद एकच, पण त्यातलं चित्र एका कंपनीच्या भागातलं, तक्ता दुसरीच्या, आणि खाली आयबीएमचा सॉम नावाचा पाया. मॅकवर ते १९९५ मध्ये आलं. विंडोजवरची आवृत्ती मात्र वर्डपरफेक्टच्या गळ्यात होती आणि वर्डपरफेक्ट १९९४ मध्ये नॉव्हेलच्या घरी गेलं, १९९६ मध्ये कोरेलच्या. मधल्यामध्ये ते काम आयबीएमवर येऊन पडलं. मार्च १९९७ मध्ये ॲपलनं ओपनडॉक बंद केलं. भागीदार सगळे मोठे होते, पण प्रत्येकाची चूल वेगळी. विंडोजवर ओपनडॉक नीट चालल्याशिवाय ज्याची चूल विझेल, असा त्यांत एकही नव्हता.

जावा या प्रोग्रामिंग भाषेची गोष्ट याच्या उलटी आहे: इथे ती सगळीकडे सारखी न चालण्यातच एकाचा फायदा होता. ती काढणाऱ्या सन कंपनीनं १९९५ मध्ये सांगितलं की एकदा लिहा, कुठेही चालवा. मायक्रोसॉफ्टनं १९९६ मध्ये परवाना घेतला आणि आपल्या जावात विंडोजपुरत्या सोयी घातल्या. ऑक्टोबर १९९७ मध्ये सननं खटला भरला. तक्रारीतला एक मुद्दा मला अजून आठवतो: आरएमआय गाळल्याचा. एका मशिनवरच्या प्रोग्रामनं दुसऱ्या मशिनवरच्या प्रोग्रामला हाक मारायची ती सोय. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टनं दोन कोटी डॉलर देऊन तो खटला मिटवला. तोवर डेस्कटॉपवरच्या जावाची हवा निघून गेली होती.

म्हणून आजच्या टूलकिटलाही हेच विचारायचं: तुमचं लिनक्स मोडलं तर तुमचं काय बिघडतं? ॲडोबी एआयआर नावाचं टूलकिट या प्रश्नात नापास झालं, २०११ मध्ये लिनक्सची आवृत्ती थांबलीच.

मग परवान्यातली सुटकेची वाट. इथे क्यूटीची पत्रिका मला आवडते. नॉर्वेच्या ट्रोलटेकनं ते केलं, २००८ मध्ये नोकियानं विकत घेतलं, २०१२ मध्ये डिजियानं. एवढी घरं फिरलेलं टूलकिट खरं तर मी दारातही उभं केलं नसतं. पण १९९८ पासून केडीईवाल्यांशी (क्यूटीवर लिनक्सचा डेस्कटॉप बांधणारी खुली मंडळी) त्यांचा करार आहे: मालकानं खुली आवृत्ती काढणं थांबवलं, तर क्यूटी अगदी सैल परवान्याखाली खुलं करायचा हक्क एका प्रतिष्ठानाकडे जातो. माणसं भली असतात, कंपन्या विकल्या जातात. असा कागद असला की मला झोप लागते.

तिसरी गोष्ट, तुमच्या ग्राहकाचं सगळ्यात जुनं मशिन. आमच्याकडे हा प्रश्न इथेच मिटला. इलेक्ट्रॉन २३ पासून विंडोज ७ वर चालत नाही, कारण आतला क्रोमियम ब्राउझरच चालत नाही. फ्लटर या गूगलच्या टूलकिटला विंडोज १० लागतं, क्यूटी ६ लाही. क्यूटी ५.१५ चालतं. पोरगा जरा हिरमुसला.

आता अर्ध्या दिवसाची चाचणी. ही चुकवू नका. एक खिडकी, एक लिहायची चौकट, एक यादी, एक 'जतन करा'चं बटण. तिन्ही मशिनांवर हे शब्द हातानं टंकायचे: दुसऱ्या, ऱ्हस्व, कुऱ्हाड, ॲड., त्र्यंबक, विठ्ठल, उद्ध्वस्त. जोडाक्षर तुटतं का, बॅकस्पेस एकदा दाबल्यावर काय काय पुसलं जातं, बाणाच्या कळीनं कर्सर अक्षराच्या पोटात शिरतो का, सगळं बघायचं. काही टूलकिटं अक्षरं स्वतः काढतात, काही ब्राउझर पोटात घेऊन येतात, टावरी नावाच्या टूलकिटसारखी काही मशिनवरचाच ब्राउझर उसना घेतात. उसनवारीत प्रत्येक मशिनवर चव वेगळी लागणार.

पहिल्या आवृत्तीत मी हे शब्द तपासले नव्हते. 'साताऱ्याचे' असं नाव असलेलं पुस्तक शोधलं की कधी सापडे, कधी नाही. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "पुस्तक कपाटात आहे हो, तुमच्या मशिनीत नाही." चूक माझीच. 'ऱ्य' दोन प्रकारे टंकला जातो: एक साध्या र नंतर हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह घालून, दुसरा नुक्त्याचा ऱ घेऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला निराळे. 'ॲ'चंही तेच: एक अखंड अक्षर, दुसरा अ वर चंद्र. युनिकोडचं एनएफसी रूप (सारखी अक्षरं एकाच रूपात आणायची ठरलेली रीत) केलं तरी या दोन जोड्या एक होत नाहीत. म्हणून जतन करताना आणि शोधताना, दोन्ही वेळा, आपणच एका साच्यात ओतायचं. फाइलला नाव देताना मात्र मराठी टाळा, दाखल क्रमांक वापरा. जुन्या मॅकची फाइलव्यवस्था ऱ चे र आणि नुक्ता असे दोन तुकडे करून ठेवते, आणि ती फाइल लिनक्सवर नेली की नाव जुळत नाही.

मशिनांनी आपसात बोलायचं कसं? नव्वदच्या दशकात यावरून रणकंदन झालं, एकीकडे अनेक कंपन्यांनी मिळून ठरवलेलं कॉर्बा, दुसरीकडे मायक्रोसॉफ्टचं १९९६ चं डीकॉम. दूरच्या मशिनवरची वस्तू जणू आपल्याच मशिनवर आहे असं भासवायचा दोघांचाही अट्टाहास. तुम्ही त्या भानगडीत पडू नका. काउंटरच्या मशिनवर छोटा सर्व्हर, बाकीच्यांनी एचटीटीपीनं, म्हणजे ब्राउझर वेबपान मागतो तसा, साधा जेसन (साध्या मजकुरातली माहिती) मागायचा. एसक्यूलाइटची, म्हणजे सगळ्या नोंदी एकाच फाइलीत ठेवणाऱ्या डेटाबेसची, फाइल सर्व्हरच्याच डिस्कवर ठेवा. ती सामाईक फोल्डरमध्ये ठेवून तीन मशिनांनी उघडली की कुलपं फसतात आणि नोंदी खराब होतात. वर्गणी, दंड, मुदत यांचे हिशेब पडद्याच्या कोडपासून वेगळ्या फोल्डरात हवेत. पडदा बदलेल, दोन रुपये रोजचा दंड बदलायला सर्वसाधारण सभा लागते.

शेवटी मॅक. तिथे निर्मात्याची डिजिटल सही नसलेला प्रोग्राम उघडताना सिस्टिम आडवी येते. सहीसाठी ॲपलकडे वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात. हा खर्च सुरुवातीलाच सांगा. आमच्याकडे तो कोणत्या शीर्षाखाली टाकायचा यावर कार्यकारिणीत पाऊण तास चर्चा झाली. बांधणावळीखाली टाकलाय.