कॅमेरा निवडताना आधी माउंट, मग मेगापिक्सेल

तालुक्याच्या गावी लग्नाचे फोटो काढणारे कॅमेरा बदलायला निघाले की पहिली चौकशी मेगापिक्सेलची करतात. माझ्या मते ती दुसरी असावी. आधी आपल्या कपाटात आणि शेजारच्या स्टुडिओंत कोणत्या माउंटच्या (लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते त्या जोडणीच्या) लेन्स आहेत ते पाहावे, कारण चिमूर किंवा आर्वीसारख्या ठिकाणी ऐन लग्नसराईत लेन्स बंद पडली तर नागपूरची फेरी परवडत नाही आणि उसनी मिळालेली लेन्सच वेळ निभावते.

कॅनन आणि निकॉनच्या डीएसएलआरच्या (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या) लेन्स अडॅप्टर, म्हणजे मधली जोडकडी, लावून त्याच कंपनीच्या मिररलेसवर (बिनआरशाच्या कॅमेऱ्यावर) चालतात, मात्र मिररलेसची लेन्स डीएसएलआरवर चालत नाही. निकॉनच्या डीएसएलआरच्या एफ माउंटमध्ये लेन्सची कडी आणि सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) यांत ४६.५ मिमी अंतर असते, तर मिररलेसच्या झेडमध्ये १६ मिमी. कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफमध्ये ते ४४ आणि मिररलेसच्या आरएफमध्ये २० मिमी आहे. अडॅप्टर हा फरकच भरून काढतो. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये फोकसची मोटर असतेच, त्यामुळे तिथे अडचण येत नाही. निकॉनवाल्यांनी मात्र जुनी लेन्स उलटी धरून मागची धातूची कडी न्याहाळावी. तिथे स्क्रूच्या डोक्यासारखी बारीक खाच दिसली आणि नावात ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ नसेल, तर त्या लेन्सचा फोकस कॅमेऱ्याच्या बॉडीतल्या मोटरवर चालतो. निकॉनच्या एफटीझेड (एफ लेन्स झेडवर बसवणाऱ्या) अडॅप्टरमध्ये ती मोटर नसल्याने फोकस हातानेच करावा लागेल. हळदीच्या धावपळीत ते जमणे कठीण.

लेन्स लहान सेन्सरसाठी बनवलेली आहे का, हेही पाहावे. निकॉनची अशी, म्हणजे डीएक्स लेन्स २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) निकॉनवर लावली की डीएक्स मोडमध्ये, म्हणजे सेन्सरचा मधलाच भाग वापरून, सुमारे १० मेगापिक्सेलच उरतात. १२ बाय ८ इंचांच्या प्रिंटला तेवढे पुरतात, पण मग फुल फ्रेमचे पैसे कशासाठी मोजले, हा प्रश्न राहतोच.

आता रिझोल्यूशन. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो आणि ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) साधारण २० बाय १३ इंच छापता येतो. अल्बमच्या १२ बाय ३६ इंची पानावर एकच फोटो पसरवला तर डीपीआय १६७ च्या आसपास येतो. हातात धरून पाहताना तेवढे चालते, आणि अशी पाने अल्बममध्ये असतात तरी किती? मांडवाच्या दारावरचा फ्लेक्स तर लांबूनच पाहिला जातो. उलट ४५ मेगापिक्सेलच्या रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मोठ्या) फाइल्स कार्ड, हार्ड डिस्क आणि जुना संगणक या तिघांनाही जड जातात, आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसताना अल्बमचे काम आणखी लांबते.

ताडोब्यात फोटो काढणाऱ्यांना जास्त पिक्सेल हवेसे वाटतात, कारण वाघ दूर असतो आणि फोटो क्रॉप करावा, म्हणजे कडेने कापावा, लागतो. तरीही निकॉनच्या ४५ मेगापिक्सेल बॉडीला डीएक्स मोडमध्ये सुमारे १९ मेगापिक्सेल उरतात, तर डी७५०० हा साधा कॅमेरा त्याच लेन्सवर २०.९ देतो. हाताशी असलेली लेन्स ३०० मिमीचीच असेल, तर जास्त मेगापिक्सेलची बॉडी न घेता वाचलेले पैसे त्याहून लांब लेन्सकडे वळवावेत.

खरेदीला जाताना आपल्या सगळ्या लेन्स आणि मेमरी कार्ड सोबत न्यावे. दुकानातील कमी उजेडाच्या कोपऱ्यात प्रत्येक लेन्स लावून फोकस तपासावा, काढलेले फोटो घरी आपल्याच संगणकावर पूर्ण आकारात उघडून पाहावेत आणि त्यानंतरच विसार द्यावा.